मे महिन्यात पोटोमॅकवर कयाक घेऊन स्मॉलमाउथ बास: घरट्यावरच्या नराला सोडून बाकी सगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मेरीलँडमधल्या जर्मनटाउनला राहता, लहानपणी सांगलीला कृष्णेत गळ टाकलेला आहे, आता एक जुनी सिट-ऑन-टॉप कयाक (वर उघड्यावर बसून वल्हवायची छोटी होडी) घेतली आहे आणि मे महिन्यात पोटोमॅक नदीवर स्मॉलमाउथ बास या माशासाठी जायचं आहे. विणीचा हंगाम असल्याने मासे उथळ पाण्यात, काठाला येतात, म्हणजे काम सोपं होईल असं तुम्हाला वाटतंय. कुठे उतरावं, काय आमिष लावावं आणि घरट्यावर बसलेला मासा पकडायला हरकत आहे का, हे तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात. हरकत आहे. तो मासा पकडणं सोपं आहे हे खरं, पण ते सोपं का आहे ते कळलं की बहुतेकांची इच्छा आपोआप जाते.

आपल्याकडे पहिल्या पावसाला चढणीचे मासे येतात ते तुम्ही पाहिले असतील. गढूळ पाण्याच्या लोंढ्यावर ओढ्यात, शेतात चढायचं, अंडी सोडायची आणि पाण्याबरोबर परत फिरायचं, एवढाच त्यांचा संसार. अंड्यांची राखण कोणी करत नाही. अंडी अमाप असतात, त्यातली थोडी जगली तरी वंश चालतो. बासची रीत वेगळी आहे. पाणी 60 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 15-16 सेल्सिअसच्या आसपास आलं की नर शेपटीने तळाची माती आणि शेवाळ झटकून गोटे-खडीची जागा स्वच्छ करतो. मादी येते, काही हजार अंडी घालते आणि खोल पाण्यात निघून जाते. पुढचं सगळं नराकडे. शेपटी हलवत अंड्यांवर ताजं पाणी फिरवायचं, गाळ बसू द्यायचा नाही, आणि जवळ येईल त्या सनफिशला (हा एक छोटा मासा), क्रेफिशला (हा झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी) हाकलायचं. पाण्याच्या उबेप्रमाणे चार दिवसांत ते आठवडाभरात अंडी फुटतात. पिल्लं आणखी काही दिवस खडीच्या फटीत राहतात, मग काळ्या ठिपक्यांच्या थव्यासारखी वर येतात, आणि तेव्हाही नर त्यांच्यासोबत फिरतो. सगळं मिळून महिना जातो. त्या महिन्यात तो धड खातही नाही.

म्हणून तुमचं आमिष त्याच्या घरट्यावर पडलं की तो भूक लागली म्हणून नव्हे, तर चोर आला म्हणून त्यावर तुटून पडतो. एकदा चुकला तर पुन्हा येतो, तिसऱ्यांदाही येतो. त्यात आपलं कसब काही नाही. तुम्ही त्याला ओढून कयाकपाशी आणलंत, फोटो काढलात आणि अगदी सांभाळून सोडलंत, तरी मधल्या काही मिनिटांत सनफिशची टोळी घरट्यावर बसलेली असते. नर जितका दमलेला, तितका परतायला उशीर. अंडी बरीच गेलेली असली तर तो घरटं टाकूनही देतो. यावर अमेरिकेत आणि कॅनडात बराच अभ्यास झालेला आहे आणि निष्कर्ष साधारण एकाच दिशेचे आहेत. मेरीलँडच्या भरती-ओहोटी न पोचणाऱ्या गोड्या पाण्यात 1 मार्च ते 15 जून पकडलेला बास लगेच पाण्यात सोडावाच लागतो. पण हा कायदा मासा घरी न्यायला मनाई करतो, घरट्यावर गळ टाकायला नाही. ती मनाई ज्याची त्याने पाळायची. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने मात्र स्पष्ट लिहून ठेवलंय की डोळ्यांना दिसणाऱ्या घरट्यावर मुद्दाम पुन्हा पुन्हा गळ टाकणं बेकायदा आहे. मला तो नियम जास्त शहाणपणाचा वाटतो.

तलावापेक्षा मोठ्या नदीत हा प्रश्न जास्त नाजूक असतो. तलावात पाणी बहुधा शांत राहतं. पोटोमॅकला मात्र मे-जूनमध्ये एक मोठा पाऊस झाला की सगळी घरटी वाहून जातात किंवा गाळाखाली गाडली जातात. नदीत त्या वर्षीची किती पिल्लं टिकली हे मुख्यतः वसंत ऋतूतल्या पाण्यावर ठरतं. 2018 सारख्या अतिपावसाच्या वर्षाचा खड्डा पुढे कित्येक वर्षं दिसत राहतो, कारण त्या पिढीचे मासेच नदीत नसतात. मध्यंतरी राज्याच्या मत्स्यविभागाने वरच्या पोटोमॅकमध्ये हॅचरीत, म्हणजे मासे वाढवायच्या केंद्रात, वाढवलेली पिल्लं सोडायला सुरुवात केली ती याच कारणाने. म्हणजे नदीने शिल्लक ठेवलेली घरटी आपण मोडायची आणि मग सरकारने टाकीतली पिल्लं आणून सोडायची, असा तो उलटा कारभार होतो.

जाता जाता एक गंमत. हा मासा पोटोमॅकचा मूळचा नव्हेच. 1854 च्या सुमाराला विल्यम श्रायव्हर नावाच्या गृहस्थाने ओहायो खोऱ्यातले थोडे बास बाल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून डोंगरापलीकडून कंबरलंडला आणले आणि तिथल्या कालव्यात सोडले. नदीत पसरायला त्यांना फार वर्षं लागली नाहीत.

आता पाण्याकडे येतो. मेमध्ये जायचं की नाही हे कॅलेंडर ठरवत नाही, पॉइंट ऑफ रॉक्स गावापाशीचा गेज ठरवतो. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा हा पातळीमापक आहे, आकडे इंटरनेटवर फुकट दिसतात. माझा स्वतःचा नियम असा आहे: तीन फुटांच्या खाली असेल तर निघायचं, तीन ते चारच्या मध्ये असेल तर ओळखीच्या टप्प्यात आणि सोबत कोणी असेल तरच, चारच्या वर घरी बसून दोरा बदलायचा. तुम्ही नवे आहात, तुमच्यासाठी तीनच्या वरचं पाणी नाहीच असं धरा. आकड्याइतकंच तो चढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं. चढतं पाणी गढूळ असतं, त्यात ओंडके येतात आणि मासाही तोंड उघडत नाही. इथे शनिवारी लख्ख ऊन असलं तरी दोन दिवसांपूर्वी वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात पडलेला पाऊस नेमका तेव्हाच तुमच्यापाशी पोचत असतो, म्हणून आकाश बघून निर्णय घेऊ नका. याच गेजने मार्च 1936 मध्ये 41 फूट पाहिलेले आहेत. 16 फुटांना तिथे पूर मानतात, यावरून ही नदी काय करू शकते याचा अंदाज येईल.

एप्रिलअखेरीचं पाणी दिसायला छान आणि अंगावर घ्यायला वाईट असतं. हवा 75 फॅरनहाइट आणि पाणी 55, अशा दिवशी लोक टी-शर्ट-जीन्समध्ये निघतात. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात श्वास हातात राहत नाही आणि भलेभले पोहणारे गोंधळतात. लाइफ जॅकेट अंगात घालून, बकल लावून. पाठीमागे बोटीच्या लवचीक दोरीत अडकवलेलं जॅकेट काही कामाचं नाही. सुती कपडे नकोत. कोरडे कपडे बंद पिशवीत ठेवा, फोन पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घालून जॅकेटच्या खिशात, बोटीच्या खणात नव्हे. बोट वाहून गेली तर तिच्यासोबत फोनही जातो.

दोन गोष्टींपासून लांबच राहा. एक म्हणजे काठावरून पाण्यात कोसळलेली सिकॅमोर आणि मेपलची झाडं. चहाच्या गाळणीसारखं त्यातून पाणी निघून जातं आणि माणूस फांद्यांत अडकतो. बास अशा झाडापाशी असतात हे खरं, म्हणून मोह होतो. झाडाच्या खालच्या अंगाने, संथ पाण्यातून जाऊन गळ टाका, वरच्या अंगाने वाहत कधी नाही. दुसरी म्हणजे कमी उंचीचे बंधारे. जुन्या चेसापीक-ओहायो कालव्यासाठी बांधलेले डॅम नंबर 4 आणि 5 अजून नदीत उभे आहेत. वरून येताना बंधारा दिसत नाही, फक्त पाण्याची आडवी सरळ रेष दिसते आणि पलीकडचं पाणी दिसेनासं होतं. खाली पडणारं पाणी स्वतःभोवती फिरत राहतं आणि आत गेलेली वस्तू बाहेर सोडत नाही. नदीच्या खालच्या अंगाला सेनेकाच्या पुढे ग्रेट फॉल्स धबधब्याकडे जाणारा भाग तर मासेमारीच्या कयाकने कधीच करायचा नाही.

मग कुठे? नव्या माणसाला मी ब्रन्सविक ते पॉइंट ऑफ रॉक्स सांगतो. अंतर सात मैलांच्या आत आहे, मध्ये लँडरला बोट बाहेर काढायची आणखी एक जागा आहे, त्यामुळे वारा सुटला किंवा कंटाळा आला तर लवकर बाहेर पडता येतं. पहिल्यांदा नुसतं ब्रन्सविक ते लँडर करा, चार मैल. कातळाच्या आडव्या पट्ट्या आहेत, खळखळाट आहे, पण हार्पर्स फेरीच्या खालचे मोठे रॅपिड, म्हणजे खडकांवरून उसळणाऱ्या धारा, मागे राहिलेले असतात. दोन गाड्यांचीही गरज नाही. चेसापीक-ओहायो कालव्याची जुनी वाट नदीला लागूनच जाते. आधी सायकल लँडरला साखळी लावून ठेवायची, मग गाडीने ब्रन्सविकला येऊन बोट सोडायची आणि शेवटी सायकलने परत जाऊन गाडी आणायची. रस्ता सपाट आहे, वल्हवून दमलेल्या खांद्यांना पायांचं काम बरं वाटतं. परवान्याची काळजी नको, नदी व्हर्जिनियाच्या काठापर्यंत मेरीलँडची आहे, मेरीलँड वसाहतीच्या 1632 च्या सनदेपासून. तुमचा मेरीलँडचा गोड्या पाण्याचा परवाना चालतो.

ब्रन्सविकला बोट सोडल्यावर दोन्ही काठांचं पाणी नीट बघा. हार्पर्स फेरीला शेनान्डोआ नदी येऊन मिळते आणि तिचं पाणी बराच वेळ व्हर्जिनियाच्या अंगाने वेगळं वाहत राहतं. एका नदीला पाऊस झालेला असेल आणि दुसरीला नसेल, तर एक बाजू चहाच्या रंगाची आणि दुसरी हिरवट निवळ असते. निवळ बाजू धरा.

पोलराइझ्ड चष्मा (पाण्यावरची चकाकी कापून तळ दाखवणारा) लागेलच, आणि मेमध्ये त्याचा पहिला उपयोग घरटी चुकवण्यासाठी आहे. स्मॉलमाउथचं घरटं एकटं असतं: दीड-दोन फूट व्यासाचा, आजूबाजूपेक्षा फिकट दिसणारा खडीचा डाग, कमरेएवढ्या किंवा त्याहून कमी पाण्यात, मोठ्या दगडाच्या किंवा ओंडक्याच्या आडोशाला, जिथे धार थेट लागत नाही. बेटांच्या खालच्या टोकाला आणि ओढ्यांच्या मुखांपाशी अशा जागा जास्त. लँडरच्या जरा वर कॅटॉक्टिन क्रीक मिळतो, तिथली खडी मेमध्ये मी लांबूनच ओलांडतो. नवे लोक मात्र भलतीच गोष्ट बघून खूष होतात. तळावर गोट्यांचा उंच ढीग दिसला तर ते बासचं काम नव्हे. फॉलफिश नावाचा मासा तोंडाने एकेक खडा वाहून असे ढीग रचतो, कधी कधी दोन-तीन फूट रुंद. आणि एकमेकांना खेटून दहा-वीस छोटे खळगे दिसले तर ती सनफिशची वस्ती. ती पाणी अजून तापल्यावर, बासचं बहुतेक आटोपत आल्यावर बसते. सनफिशची वस्ती दिसायला लागली की समजा, घरट्यांचा काळ सरत आला.

आता पकडायचं काय? सगळे मासे एका दिवशी घरटी करत नाहीत. उन्हाचा काठ आधी तापतो, सावलीचा नंतर, ओढ्याचं पाणी आणखी वेगळं. त्यामुळे मेच्या कुठल्याही शनिवारी काही मासे विणीच्या आधीचे, काही घरट्यावरचे आणि काही माद्या वीण उरकून सुस्तावलेल्या असतात. पहिला आणि तिसरा गट आपला. दुसऱ्याला हात लावायचा नाही.

सर्वांत चांगली मासेमारी खरं तर विणीच्या आधीची, पाणी 48 ते 58 फॅरनहाइट असतानाची. पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच निघा. माद्या तेव्हा वर्षातल्या सर्वांत जड असतात आणि खातात. त्या खडीवर आलेल्या नसतात, खडीच्या जवळच्या खोल पाण्यात वाट बघत असतात: पाच ते आठ फुटांचा डोह, बेटामागचं शांत पाणी, कातळाच्या पट्टीखाली जिथे धार आणि संथ पाणी एकमेकांना घासतात ती रेघ. त्या रेघेच्या संथ अंगाला आमिष पडलं पाहिजे. थंड पाण्यात मासा धारेत उभं राहायचे कष्ट घेत नाही आणि आमिषामागे लांब धावत नाही. साडेतीन-चार इंचाचा, पाण्यात एका जागी तरंगत थांबणारा जर्कबेट (छोट्या माशाच्या आकाराचं कृत्रिम आमिष) दोन झटके देऊन थांबवायचा, आणि तुम्हाला अवघड वाटेल इतका वेळ थांबवायचा. मासा बहुतेक त्या थांब्यात घेतो. तो घेत नसेल तर जिगवरची (वजन जोडलेल्या गळावरची) हिरवट-तपकिरी मऊ प्लास्टिकची ट्यूब, तळाला टेकवत, दगडावरून दगडावर घरंगळवत. क्रेफिशचं सोंग तिच्याइतकं दुसरं कोणी घेत नाही. तळाला अडकण्यात अर्धी हरवतात, ते धरून चालायचं. वजन पाव औंसाच्या आत, दोरा आठ पौंडांचा.

मेच्या मध्यात पाणी 60 फॅरनहाइटच्या पुढे गेलं की मी खडीचे काठ सोडून नदीच्या मधल्या अंगाला जातो. चार-पाच फूट पाणी, तळाला मोठे धोंडे, वाहतं पण पळतं नाही. वीण उरकलेल्या माद्या अशा ठिकाणी दगडाच्या सावलीला पडून असतात. लहान, शेपटी हलवत पोहणारं मऊ प्लास्टिकचं स्विमबेट किंवा वजन न लावलेला जाडसर प्लास्टिकचा किडा सावकाश बुडू द्यायचा. आकडा कमी राहील, दिवसाला पाच-सहा मासेही पुरे माना. काठाला घरट्यांवर गळ टाकणारा कोणी तीस सांगेल, त्याच्याशी स्पर्धा करू नका. शंका आली तर एक खूण लक्षात ठेवा: आमिष त्याच जागी टाकल्यावर तोच मासा लगेच, पुन्हा पुन्हा, ढकलल्यासारखं करून सोडत असेल, तर तो घरट्यावर आहे. तळ दिसत नसला तरी तिथून निघा.

कयाकचा फायदा म्हणजे ती गुपचूप जाते आणि वीतभर पाण्यात तरंगते. तोटाही तोच, कारण तुम्ही नकळत घरट्यांच्या डोक्यावर जाता. वर सावली आली की नर दचकून पळतो. तेवढ्याने काही बिघडत नाही, तो मिनिटाभरात परततो. पण तिथे नांगर टाकलात किंवा वेग कमी करायला मागे साखळी सोडलीत, तर ती खडी नांगरून टाकते. काठाच्या खडीवर पाय देऊन उतरू नका, बोट ओढू नका. उतरायचंच असेल तर कातळ किंवा चिखल बघा.

आणि वाहत्या पाण्यात नांगर हा प्रकार तुम्हाला पहिल्या वर्षी नकोच. कयाकच्या कुशीला बांधलेला नांगर तळाला अडकला की धार बोटीला आडवी करते आणि उलटवते. हे इतक्या झटकन होतं की दोर सोडायला वेळ मिळत नाही. अनुभवी लोक नांगराचा दोर सरकत्या दोरीने थेट मागच्या टोकाला नेतात, एका झटक्यात सुटेल असा बांधतात, टोकाला तरंगणारा गोळा लावतात आणि जॅकेटवर सुरी ठेवतात. तुम्ही त्याऐवजी दगडामागच्या संथ पाण्यात शिरायला शिका. तिथे उलटं फिरणारं पाणी बोटीला स्वतःच धरून ठेवतं. दोन वल्ह्यांत आत शिरायचं, मासा जिथे हवा त्या रेघेकडे तोंड करून बसायचं आणि गळ वरच्या अंगाला टाकून धारेबरोबर खाली येऊ द्यायचा. एकेका दगडामागे वीस मिनिटं काढलीत तर चार मैलांना दिवस पुरत नाही.

मासा लागला की लांबवू नका. हलकी काठी घेऊन मजा वाढवायचा हा काळ नव्हे, मध्यम ताकदीची काठी घ्या आणि लवकर आणा. तिहेरी गळ काढून एकेरी लावा, गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका. हात ओले करूनच धरा. मादी जड असेल तर नुसत्या जबड्याला धरून आडवी लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. मोजायचं असेल तर पट्टी आधी ओली करून मांडीवर तयार ठेवा, मग मासा पाण्याबाहेर काढा. जाळ्यातला मासा पाण्यातच ठेवून गळ काढता आला तर उत्तम. मासा घेऊन बोट वाहत दोनशे फूट खाली गेली असेल, तर शक्यतो पकडला त्याच बाजूच्या संथ पाण्यात सोडा.

15 जूननंतर मग काठ तुमचा. पहाटे धुकं असताना पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगत बुडबुड आवाज करणारी आमिषं, चालतात, आणि भर धारेतले मासेही वर येतात. सतरा वर्षांनी जमिनीतून निघणारे सिकाडा नावाचे किडे 2021 मध्ये मेच्या मध्यापासून निघाले तेव्हा तर झाडांवरून जे पाण्यात पडेल ते बास गिळत होते. ती पिढी पुन्हा 2038 ला येईल. तोवर तुमची कयाक टिकली तर त्या वर्षी फक्त काळा-नारिंगी पॉपर न्या. बाकी पेटी घरी ठेवलीत तरी चालेल.